सेलिब्रिटीच्या निधनानंतर ‘बाइट’साठी तुम्हाला फोन आला तर? बोलावं की नाही, कायदा काय सांगतो?

एखाद्या कलाकाराच्या किंवा खेळाडूच्या निधनाची बातमी येते आणि काही मिनिटांत फोन वाजू लागतात. घरच्यांचे तर वाजतातच. पण मेकअप करणाऱ्या दादांचे, ड्रायव्हरचे, सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे, शाळेतल्या मित्रांचेही वाजतात. पलीकडून विनंती एकच असते, ‘फक्त दोन मिनिटं बोला.’

त्या दोन मिनिटांचं पुढे काय होऊ शकतं, हे बोलणाऱ्याला आधी कोणी सांगत नाही. म्हणून हे समजून घेऊ.

बोलणं बंधनकारक आहे का?

नाही. मृत्यूची चौकशी सुरू असेल तर पोलीस लेखी आदेश देऊन साक्षीदाराला बोलावू शकतात. पत्रकाराला असा कोणताही अधिकार नाही. ‘तुम्ही बोलला नाहीत तर लोक तुमच्यावर संशय घेतील’ असं कोणी म्हटलं, तर तो निव्वळ दबाव असतो.

मृत्यूच्या कारणाशी संबंधित काही तुम्हाला ठाऊक असेल, तर ते आधी तपास अधिकाऱ्याला सांगा. कॅमेऱ्यासमोर बोलल्याने पोलिसांना जबाब दिल्यासारखं होत नाही. उलट मुलाखतीत एक आणि न्यायालयात दुसरं असं झालं, तर उलटतपासणीत तीच क्लिप तुमच्यासमोर ठेवली जाऊ शकते.

सुशांतसिंह राजपूत प्रकरणात काय घडलं?

१४ जून २०२० रोजी सुशांतचा मुंबईत मृत्यू झाला. त्यानंतर कित्येक महिने मित्र, ओळखीचे, कधीकाळी सोबत काम केलेले लोक वाहिन्यांवर बोलत राहिले. ऑक्टोबर २०२०मध्ये ‘एम्स’च्या डॉक्टरांच्या पथकाने हत्येची शक्यता फेटाळली. सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला तो मार्च २०२५मध्ये, म्हणजे जवळपास पावणेपाच वर्षांनी. मधल्या काळात टीव्हीवरच्या अंदाजांनी अनेकांचं जगणं अवघड करून टाकलं होतं.

या वार्तांकनाविरोधात निवृत्त पोलीस अधिकारी आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १८ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला. तपास सुरू असताना पीडित, साक्षीदार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती दाखवणं, घटनेचं नाट्यरूपांतर करणं, आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्तीला दुबळ्या मनाची ठरवणं, अशा गोष्टी टाळायला न्यायालयाने सांगितलं. तुम्ही संभाव्य साक्षीदार असाल, तर ‘तपास सुरू आहे, मी बोलणार नाही’ या उत्तरामागे उच्च न्यायालयाचा निकाल उभा आहे.

मृत व्यक्तीच्या खासगी आयुष्याला संरक्षण असतं का?

इथे कायद्याचं कुंपण तोकडं आहे. सुशांतच्या आयुष्यावर बेतलेल्या चित्रपटाविरोधात त्याचे वडील दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. खासगीपणाचा आणि व्यक्तिमत्त्वाचा हक्क त्या व्यक्तीसोबतच संपतो, असं म्हणत जुलै २०२३मध्ये न्यायालयाने चित्रपट रोखण्यास नकार दिला.

बदनामीच्या कायद्यात मात्र एक तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६नुसार मृत व्यक्तीविषयीचं विधानही बदनामी ठरू शकतं. त्यासाठी ती व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला धक्का बसला असता आणि जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू होता, असं दिसावं लागतं.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाची गुपितं उघड करता येत नाहीत. न्यायालयाचा आदेश किंवा इतरांना गंभीर धोका असे मोजकेच अपवाद आहेत. पत्रकाराचा प्रश्न हा त्यातला अपवाद नाही.

‘ऑफ द रेकॉर्ड’ म्हटलं तर चालतं का?

तो विश्वासाचा व्यवहार आहे, कायद्याचं कवच नाही. तो शब्द बोलण्याआधी द्यावा-घ्यावा लागतो; सगळं सांगून झाल्यावर ‘हे छापू नका हं’ म्हणण्यात फारसा अर्थ नसतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हॉइस मेसेज पुढे कुठे जाईल, यावर कोणाचाच ताबा नसतो.

मग बोलूच नये का?

तसंही नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात असताना त्यांच्या निधनाची बातमी पसरली आणि श्रद्धांजलीच्या पोस्टही पडल्या. ते हयात असल्याचं कुटुंबीयांनी स्पष्ट केल्यावर ही अफवा थांबली. त्यांचं निधन २६ नोव्हेंबरला झालं. अशा वेळी कुटुंबाच्या दोन वाक्यांचं मोल मोठं असतं.

श्रीदेवींच्या बाबतीत उलट घडलं. फेब्रुवारी २०१८मध्ये दुबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा सुरुवातीला हृदयविकाराच्या बातम्या आल्या. दोन दिवसांनी दुबईच्या यंत्रणांनी अपघाती बुडून मृत्यू झाल्याचं जाहीर केलं. म्हणून मृत्यूचं कारण अधिकृत अहवालाआधी जवळच्यांनीही सांगू नये.

होकार देण्याआधी स्वतःला विचारा

• हे मी स्वतः पाहिलंय की ऐकलंय? ऐकीव असेल तर थांबा.
• ही आठवण माझी आहे, की त्या व्यक्तीने विश्वासाने सांगितलेलं गुपित?
• घरच्यांनी हे टीव्हीवर पहिल्यांदा ऐकलं, तर त्यांना काय वाटेल?
• आज न बोलता महिन्याभराने बोललो तर कोणाचं नुकसान होईल?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘आत्ताच बोला’ ही घाई आमच्यासारख्या न्यूजरूमची असते, कारण पहिल्या तासातच सर्वाधिक लोक बातमी उघडतात. तुमच्या आठवणीला अशी मुदत नसते. रिहर्सलला सर्वांत आधी येणारा नट, स्पॉटबॉयच्या मुलीची फी भरणारी अभिनेत्री, या गोष्टी वर्षभराने सांगितल्या तरी तितक्याच मोलाच्या राहतात. कदाचित तेव्हा त्या नीट ऐकल्याही जातात.

बोलायचं ठरलं, तर घरच्यांना आधी कळवा. शक्यतो चार ओळी लिहून द्या. आत्महत्येचा संशय असेल तर पद्धत, चिठ्ठी, ‘यामुळेच केलं’ असली कारणं सांगू नका. प्रेस कौन्सिलच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनाही माध्यमांना हेच सांगतात.

जिवंत माणूस उद्या खुलासा करू शकतो, चुकीचं बोलणाऱ्याला फोन करून जाब विचारू शकतो. गेलेल्या माणसाला ती सोय नाही. कायदाही इथे फार मदतीला येत नाही. त्यामुळे त्याच्या वतीने काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे ज्याचा फोन वाजतोय त्यालाच ठरवावं लागतं. त्यासाठी वेळ मागून घेण्याचा हक्क त्याला आहे, आणि तो मान्य करणं हे आमचं काम आहे.

(मानसिक ताण जाणवत असेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.)