परड्यातल्या सहा कोंबड्या आणि आपली खोटी प्रतिष्ठा



आज आठवण कमी आणि भांडण जास्त लिहिणार आहे. राग आला तर खाली मोकळेपणानं लिहा, उत्तर देईन. छत्तीस वर्षं बँकेत काढलीत. समोरच्याचा आवाज चढला म्हणून खुर्ची सोडायची सवय नाही.

आपण सगळे जुन्या घरांबद्दल फार हळवं लिहितो. ग्वाल्हेरचा वाडा, बडोद्यातलं अंगण, इंदूरची ओसरी, आमच्या बेळगावची चौकट. चूल येते, तुळशीवृंदावन येतं, विहिरीवरचा रहाट येतो. कोंबड्या मात्र कुणाच्या आठवणीत येत नाहीत. ज्यांच्या घरी त्या चालतच नव्हत्या त्यांचं सोडा. पण ज्यांच्या परड्यात चांगल्या दहा-बारा कोंबड्या फिरत होत्या, ज्यांच्या शाळेची फी अंड्यांच्या पैशातून गेली, ते आज तोंड मिटून बसतात. माझ्या आईनं कनवटीला बांधलेले अंड्यांचे पैसे मी पाहिलेत. त्या पैशातून आलेल्या वह्यांवर मी जमाखर्च शिकलो आणि पुढं बी.कॉम. झालो. मग लाज कसली?

माझी नात नववीत आहे. वडगावात आमच्या घरामागं जेमतेम पाऊण गुंठा परडं शिल्लक आहे. तिथं तिनं सहा कोंबड्या पाळल्यात, दीड वर्ष झालं. परवा एका लग्नात आमच्याच नात्यातल्या एकानं चार लोकांत मला विचारलं, "काय हो, बँकेत साहेब होतासा, आणि नातीला कोंबड्या राखायला लावलायसा व्हय?"

तिथं अक्षता पडायच्या होत्या म्हणून मी दोन शब्दांत आवरलं. पूर्ण उत्तर इथं देतो.

पहिली गोष्ट. तिला कुणी 'लावलेलं' नाही. तिनं मागितलं आणि आम्ही एका अटीवर हो म्हटलं. खुराडं, खाद्य, लस, साफसफाई आणि हिशेब सगळं तिचं. मोठ्यांनी फक्त पैसे उसने द्यायचे. सकाळी सहाला उठून ती खुराडं उघडते, पाणी बदलते, कोंबड्या मोजते, अंडी काढते. वीस मिनिटं. दिवेलागणीला कोंबड्या आपण होऊन आत येतात, तेव्हा पुन्हा मोजून दार लावते. दहा मिनिटं. दार नीट लागलं नाही तर बोका किंवा मुंगूस रात्रीत हिशेब चुकता करतं, हे तिला सांगावं लागत नाही. अभ्यासाचं नुकसान होतं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो. तुमच्या घरातला पंधरा वर्षांचा मुलगा रात्री मोबाइल किती वाजता खाली ठेवतो? या अर्ध्या तासाचा हिशेब मागण्याआधी त्या तासांचा मांडा.

दुसरी गोष्ट, घाण आणि रोगराई. कोंबडी म्हणजे रोग असं म्हणणाऱ्यांना मी पूर्ण खोडून काढणार नाही, त्यात तथ्य आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आला तर सगळं खुराडं आडवं होतं. म्हणून लस वेळेवर द्यायची. खुराड्यात जायची चप्पल वेगळी. अंडी हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे. अंडं पूर्ण शिजवून खायचं. खाली कोंडा किंवा भुसा कोरडा ठेवला की वास येत नाही. आणि शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून आम्ही कोंबडा ठेवलेलाच नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते. त्यातून पिल्लू निघत नाही एवढंच. हे बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं, म्हणून लिहिलं. एका शेजारणीनं सुरुवातीला तक्रार केली होती. नातीनं जाऊन तिला खुराडं दाखवलं. आता तिच्याकडची भाजीची देठं रोज आमच्याकडं येतात.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली आहे, म्हणून जरा सविस्तर. लोक म्हणतात, दुकानात अंडी मिळतात, हा खटाटोप कशाला? आणि दुसऱ्या टोकाचे म्हणतात, वा, गावठी अंडं, म्हणजे अमृत! दोघांनीही वही पाहावी.

या कोंबड्या गिरिराज जातीच्या. बेंगळूरच्या कृषी विद्यापीठानं परसातल्या पालनासाठीच ही जात तयार केली. अस्सल गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, ही एकशेतीस-दीडशेपर्यंत जाते. आमच्या सहा जणींची सरासरी महिन्याला ७० अंडी. विकतचं खाद्य महिन्याला ९ किलो, २७० रुपये. बाकी पोट त्या घरातलं उरलंसुरलं, तांदळाची कणी आणि किडे-मुंग्या यांवर भरतात. खुराड्याला ४,८०० रुपये लागले, पाच वर्षांत वाटले तर महिना ८० रुपये घसारा. कोंबड्यांची किंमत १,५००, अडीच वर्षांत वाटली तर ५०. लस-औषध २०. एकूण ४२० रुपये. म्हणजे अंडं सहा रुपयांना पडलं. आमच्या गल्लीतल्या दुकानात सात रुपये. महिन्याचा फायदा ७० रुपये, आणि तोही नातीची मजुरी शून्य धरून. मजुरी लावली तर धंदा तोट्यात.

त्यामुळं पैसे वाचतात म्हणून कोंबड्या पाळा, असं मी कुणाला सांगणार नाही. अमृताचंही तेच. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. बलक जास्त पिवळा दिसतो तो बऱ्याच अंशी तिनं खाल्लेल्या हिरव्या पाल्यामुळं. अंडं गावठी असो की फार्मचं, साधारण सहा ग्रॅम प्रथिनं दोन्हीत. पंधरा रुपये मोजून 'गावरान' लिहिलेली पेटी आणणाऱ्यांनी चवीसाठी आणावी, चमत्कारासाठी नको.

मग फायदा कुठल्या खात्यात जमा झाला? ते सांगण्याआधी दुसरं एक खातं उघडतो.

आपल्याच घरांतली मुलं आता जिमला जातात. जावोत, चांगलं आहे. पण पंधरा-सोळाव्या वर्षी घरात प्रोटीन पावडरचा डबा येतो, तीन हजाराच्या आसपास. एका चमच्यात चोवीस ग्रॅम प्रथिनं, चमचा नव्वद-शंभर रुपयांना. तेवढी प्रथिनं चार अंड्यांत, अठ्ठावीस रुपयांत येतात. शिवाय उसळ आहे, डाळ आहे, दही आहे, शेंगदाणे आहेत. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था काही कोंबडीवाल्यांची नाही. आयसीएमआरसोबत २०२४ मध्ये काढलेल्या आहाराच्या मार्गदर्शक सूचनांत तिनं शरीर कमावण्यासाठी असल्या पावडरी टाळा, असंच सांगितलं. त्याच वर्षी केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना दुधात घालायच्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका असं कळवलं. पण आपल्याला डबा चालतो. डब्यावर इंग्रजी असतं, पिळदार दंडाचं चित्र असतं, कुणाला वास येत नाही. परड्यात हात घालावा लागला की प्रतिष्ठा जाते.

आणि जे म्हणतील 'आमच्या वेळी सगळं सकस होतं', त्यांनाही मी सोडणार नाही. आमच्या वेळी परड्यात कोंबड्या होत्या हे खरं. पण अंडं कुणाच्या ताटात पडायचं? बहुतेक अंडी बाजारात जायची. उरलेली आधी वडिलांना, मग आम्हा मुलांना. कोंबड्या राखायची माझी बहीण. पहाटे दार उघडायचं तिनं, कोंबडी खुडूक बसली की एकवीस दिवस लक्ष ठेवायचं तिनं, घार आली की डालं घेऊन धावायचं तिनं. अंड्याची आमटी झाली की तिच्या वाट्याला रस्सा. हे कुणी दुष्टपणानं करत नव्हतं, रीतच होती. पण ती रीत सोन्याची नव्हती.

ती अजून पुरती गेलेली नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळलं. ही काय फक्त झोपडीतली गोष्ट आहे? आमच्या नातीचंही आठवीत हिमोग्लोबिन कमी आलं होतं. खाऊन-पिऊन सुखी घर आमचं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तिनं घेतल्या, आकडा वर आला. तो अंड्यामुळं आला असं मी म्हणणार नाही. अंड्यात लोह बेताचंच असतं. पण त्यानंतर जेवणावर लगेच चहा बंद, पालेभाजीवर लिंबू, आठवड्यातून चार वेळा मोडाची मटकी किंवा हुलगे, नाचणीची भाकरी, हे घरात टिकलं ते कशामुळं, ते सांगतो.

ती कोंबड्यांच्या खाण्याचा हिशेब ठेवते. कोंबडीला नुसती कणी टाकली तर अंडी कमी होतात, हिरवा पाला आणि शिंपल्याचा चुरा मिळाला नाही तर कवच पातळ येतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. एके दिवशी जेवताना आपण होऊन म्हणाली, "आजोबा, मी पण कणीच खात होते की." घरात कुणी भाषण दिलं नव्हतं. चिरमुरे-शेव, बिस्किटं, पॅकेटं, यालाच ती कणी म्हणत होती. त्यानंतर कोंबडखत कुजवून तिनं अळू आणि मेथी लावली, शेवग्याचा पाला खुडायला लागली. रविवारी एक जेवण ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून करतात. भाऊ अंड्याची आमटी उत्तम करतो. आणि अंडी वाटताना वही उघडी असते, कुणाला किती गेली ते लिहिलेलं असतं. या घरात आता मुलीच्या ताटात नुसता रस्सा पडू शकत नाही, कारण चावी तिच्याकडं आहे.

फायदा जमा झाला तो या खात्यात. १९८० च्या दशकात मी ग्रामीण शाखेत आयआरडीपीची शेळ्या-कोंबड्यांची कर्जं वाटली. माझ्या शाखेत जिथं कोंबड्या आणि पैसे बाईच्या हातात होते तिथला हप्ता यायचा. जिथं नावावर बाई आणि खिसा नवऱ्याचा, तिथं मी चकरा मारायचो. मुलांच्या जेवणाचंही तेच आहे. ताटात काय वाढावं यावर आपण भांडतो, पण हातात काय द्यावं याचा विचार करत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला तयार ताट आणून द्याल तर तो ताटातलं काढून टाकेल. घराच्या अन्नाची थोडी जबाबदारी द्याल तर तो ताट पुसून खाईल.

एक अवघड गोष्टही लिहितो, कारण ती लपवली तर हे भांडण खोटं ठरेल. नातीनं विचारलंय, अंडी बंद झाल्यावर या सहा जणींचं काय? आमच्या लहानपणी याचं उत्तर रविवारी पातेल्यात शिजायचं. तिनं त्यांना नावं ठेवलीत. हॉटेलात ती चिकन खाते, पण यांना हात लावू देणार नाही. तिला मी म्हटलं, यात विसंगती आहे. ती म्हणाली, "माहीत आहे." अजून ठरलेलं नाही. पण आपण खातो ते कुठून येतं आणि त्याची किंमत कोण देतं, हा प्रश्न पंधराव्या वर्षी पडणं ही लहान गोष्ट आहे का? बादलीभर तळलेले तुकडे मागवणाऱ्या मुलांना तो पडतो का?

जे अंडं खात नाहीत त्यांनी खाऊ नये, माझं काही म्हणणं नाही. कर्नाटकात २०२१ च्या डिसेंबरात काही जिल्ह्यांच्या शाळांत अंडं सुरू झालं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. न खाणाऱ्याला केळं होतंच. तरी दुसऱ्याच्या मुलाच्या ताटावरून भांडणारे पुष्कळ निघाले. आपल्या घरातल्या मुलीच्या ताटात काय पडतं हे बघायला मात्र सवड नव्हती.

फ्लॅटवाल्यांनी कोंबड्या आणू नयेत. जागा नाही, सोसायटी भांडेल, आणि कोंबडीचेही हाल. पण मटकीला मोड आणणं, कुंडीत मेथी पेरणं, शनिवारच्या बाजाराची पिशवी आणि पैसे मुलाच्या हातात देणं, यातलं काय अडतं?

ज्यांच्या घरामागं अजून थोडी माती आहे, त्यांना मात्र सरळ सांगतो. येत्या उन्हाळ्यात तिथं फरशी घालायचा बेत असेल तर आधी घरातल्या मुलीला आणि मुलाला विचारा. पार्किंग हवंय म्हणाले तर घाला. पण विचारा तरी. आणि त्या लग्नातल्या पाहुण्यांना निरोप: डझनभर अंडी ठेवलीत तुमच्यासाठी. बहात्तर रुपये. नात उधार देत नाही.