मंचामागचं बोलणं: झाडीपट्टीच्या नाटकाला वॉकीटॉकी हवा की बेल्टपॅक?

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात साकोली, लाखनी, लाखांदूरकडच्या गावांत मंडई भरू लागते आणि मंडईच्या रात्री नाटक लागतं. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे दोन-अडीच तासांत उरकणारा प्रयोग नव्हे. जेवणं आटोपल्यावर सुरू झालेला खेळ अनेकदा पहाटेपर्यंत चालतो. मोकळ्या जागेत उभारलेला मंच, पुढ्यात वादक, वर टांगलेले माइक, आडोशाला बसलेला प्रॉम्प्टर आणि समोर पंचक्रोशीतून आलेली गर्दी. दुसऱ्या रात्री तीच कंपनी दुसऱ्या गावात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेल्या या रंगभूमीचं मोठं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजेच देसाईगंज. २०२३ मध्ये ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या बातम्यांतही झाडीपट्टीचं नाव आलं. बातम्या कलावंतांवर झाल्या, ते बरोबरच आहे. पण रात्रभर चालणारा खेळ उभा ठेवणारी माणसं मंचाच्या मागे आणि बाजूला असतात. पडदेवाला, लाइटवाला, साउंडवाला, प्रॉम्प्टर, वादक. ही माणसं एकमेकांशी बोलणार कशी? या साध्या प्रश्नाला एक तांत्रिक उत्तर आहे, आणि २०२५ पासून त्याला कायद्याची बाजूही आली आहे.

बेल्टपॅक म्हणजे नेमकं काय?

कमरेच्या पट्ट्याला अडकवायची छोटी डबी आणि तिला जोडलेला हेडसेट. हेडसेटला बहुतेक वेळा एकाच कानावर कप असतो, कारण दुसऱ्या कानाने नाटक ऐकायचं असतं. डबीवर बोलण्याचं बटण, आवाज कमी-जास्त करायची सोय आणि लक्ष वेधणारा दिवा. ही डबी तारेने जोडलेली असू शकते किंवा बिनतारी. बिनतारी असेल तर एक बेस स्टेशन लागतं, आणि सगळ्या डब्या त्याच्याशी बोलतात.

हे उपकरण गोंगाटातूनच जन्माला आलं. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या क्लिअर-कॉम कंपनीने रॉक कॉन्सर्टमधल्या तंत्रज्ञांसाठी बेल्टपॅक बनवला. स्पीकरच्या भिंतीशेजारी उभ्या माणसाला सहकाऱ्याचं बोलणं ऐकू यावं, एवढीच गरज होती. ऑक्टोपॅड आणि ढोलकी रंगात आल्यावर विंगेत उभ्या माणसाची गरजही तीच असते.

मग वॉकीटॉकी का नको?

स्वस्त आहे, ऑनलाइन मिळतो, वापरायला सोपा. पण त्यात एका वेळी एकच जण बोलू शकतो. एकाने बटण दाबून धरलं की त्या चॅनलवरच्या बाकीच्यांना थांबावं लागतं. शिवाय हात अडकतो. पडद्याची दोरी ओढणाऱ्या माणसाला एक हात रेडिओसाठी ठेवायला सांगणं म्हणजे त्याला अर्ध्या कामाला लावणं.

बेल्टपॅकवर फोनसारखं दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येतं, आणि तेही अनेकांना. साउंडवाला काही सांगत असतानाच विंगेतला माणूस त्याला तोडून ‘थांब’ म्हणू शकतो.

हा फरक फक्त सोयीचा नाही. हिवाळी रात्री जमीन आणि वायरी दवाने ओल्या होतात. वर दिवे, खाली केबल, मध्ये अनवाणी नाचणारे कलावंत. कुठे ठिणगी दिसली, कुणाला झटका बसला, तर ‘मेन बंद कर’ हे तीन शब्द त्याच क्षणी पोहोचायला हवेत. त्या वेळी दुसरा कुणी वॉकीटॉकीचं बटण दाबून चहाची चौकशी करत असेल, तर ते पोहोचणार नाहीत. मोबाइलवरही भरवसा नाही. गर्दी जमली की टॉवरवर ताण येतो, आणि फोन लागून समोरच्याने उचलेपर्यंत जाणारे सेकंद अशा वेळी परवडत नाहीत.

कायद्याचं काय?

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ई-कॉमर्स मंचांना नोटिसा पाठवल्या. परवान्याची आणि फ्रिक्वेन्सीची माहिती न देता वॉकीटॉकी विकले जात असल्याचा आक्षेप होता. त्याच महिन्याच्या अखेरीस अशा रेडिओ उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. ग्राहकाने ‘कार्टमध्ये टाका’ दाबलं म्हणजे ती वस्तू वापरायला कायदेशीर झाली असं नाही, हे त्यामुळे ठळक झालं.

हवेतल्या लहरींचे पट्टे सरकार वाटून देतं. काही पट्ट्यांना परवाना लागतो, काहींना नाही. कमी ताकदीच्या वॉकीटॉकीसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मोकळा केला. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्याच्या कितीतरी आधीपासून मोकळा आहे. मात्र परवाना नको याचा अर्थ मंजुरी नको असा नाही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकाराची मंजुरी असावी लागते.

बेल्टपॅकच्या बाबतीत खरी मेख पुढे आहे. जगातले बरेच व्यावसायिक बिनतारी बेल्टपॅक डेक्ट या तंत्रावर, १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. आपल्या घरातल्या कॉर्डलेस फोनचंच हे भावंड. पण हा पट्टा देशागणिक बदलतो. युरोपात तो १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १९२० ते १९३०. आणि १९२० ते १९८० हा भाग मोबाइलच्या २१०० च्या पट्ट्यात फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींचा आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याकडून स्वस्तात मागवलेला संच गावात सुरू केला, तर त्याची कटकट मोबाइल कंपनीच्या टॉवरला होऊ शकते, आणि मग विचारणा संच वापरणाऱ्याकडेच येणार. म्हणून ‘१.९ गिगाहर्ट्झ’ एवढंच वाचून घेऊ नये. संच भारतासाठी बनवलेला आहे का आणि त्याचं ईटीए कुठे आहे, हे दुकानदाराला लेखी विचारावं. उत्तर गोलमोल आलं तर २.४ गिगाहर्ट्झवरचा मंजुरी असलेला संच शोधावा.

२.४ ला दुसरी अडचण आहे. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच गर्दी करतात. गावातल्या मैदानावर शहराइतके राउटर नसतात, हे झाडीपट्टीच्या पथ्यावर पडतं. पण प्रेक्षकांच्या खिशातले फोन आणि हॉटस्पॉट असतातच. त्याहून मोठा अडथळा म्हणजे खुद्द माणसं. शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. दुपारी रिकाम्या मैदानात झकास चाललेला संच रात्री गर्दी बसल्यावर तुटक बोलू लागतो तो त्यामुळे. बेस स्टेशन टेबलावर ठेवण्याऐवजी डोक्यांच्या वर, खांबावर बांधलं की बराच फरक पडतो. खोक्यावर छापलेली रेंज मोकळ्या जागेतली, समोरासमोरची असते. ती अर्धी धरून चालावं.

सगळ्यांना बिनतारी कशाला?

नावाजलेल्या कंपन्यांचा चार-सहा जणांचा बिनतारी संच लाखांत जातो. झाडीपट्टीतल्या कंपनीला तो खर्च हंगामातल्या प्रयोगांमधूनच काढायचा असतो. पण नीट पाहिलं तर यातली बहुतेक माणसं जागेवरून हलत नाहीत. प्रॉम्प्टर बसलेला, वादक बसलेले, लाइटवाला आणि साउंडवाला आपापल्या टेबलाशी. या सगळ्यांना तारेचा बेल्टपॅक पुरतो. तो माइकच्याच तीन पिनांच्या केबलवर चालतो, वीजही त्याच केबलमधून घेतो. त्याला फ्रिक्वेन्सी नाही, परवान्याचा प्रश्न नाही, मध्यरात्री संपणारी बॅटरी नाही. केबल तुटली तर साउंडवाला स्वतःच डाग मारून जोडू शकतो.

बिनतारी लागतो तो फिरणाऱ्याला, म्हणजे विंगेतून विंगेत धावणाऱ्या व्यवस्थापकाला आणि फार तर जनरेटरकडे ये-जा करणाऱ्याला. तारेच्या जाळ्याला असे एक-दोन बिनतारी बेल्टपॅक जोडता येतात. जाहिरातीत हा मधला मार्ग दिसत नाही, कारण त्यात विक्री कमी होते.

बोलायचं कसं?

यंत्र आलं तरी शिस्त वेगळी शिकावी लागते. पहिला नियम: माइक बंद ठेवा, बोलायचं असेल तेव्हाच उघडा. नाहीतर एकाच्या माइकमधून आलेली ढोलकी सगळ्यांच्या कानात वाजते. माइकची दांडी तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याशी ठेवावी, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट जात नाही.

दुसरी गोष्ट इशाऱ्याची. जगभर ‘स्टँडबाय’ म्हणून सावध करतात आणि ‘गो’ म्हटलं की काम होतं. मराठीत यात एक खड्डा आहे. सावध केल्यावर समोरचा ‘हो’ म्हणतो. गोंगाटात, एका कानाने ऐकताना ‘हो’ आणि ‘गो’ यांत फार फरक उरत नाही, आणि पडदा एक वाक्य आधीच पडतो. ‘चल’ हा शब्दही धोक्याचा, तो आपण दर दुसऱ्या वाक्यात वापरतो. त्यापेक्षा ‘पडदा, तयार?’ असं विचारावं, उत्तर ‘पडदा तयार’ असं पूर्ण घ्यावं आणि इशाऱ्याला ‘सोड’ हा एकच शब्द राखून ठेवावा. खेळ सुरू असताना तो शब्द दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही.

आणि इशारा देणारा एकच असावा. गावोगावच्या प्रयोगात मालक, दिग्दर्शक आणि आयोजक मंडळाचे पदाधिकारी, सगळ्यांनाच मंचामागे मत असतं. त्यातल्या तिघांच्या कानाला हेडसेट दिले तर जुनी हातवाऱ्यांची पद्धत बरी होती असं लाइटवाल्याला वाटेल. मंडळाचा निरोप व्यवस्थापकाने तोंडी घ्यावा आणि पुढे फक्त त्यानेच बोलावं.

राहता राहिली बॅटरी. पूर्ण चार्जवर किती तास चालतो हा आकडा सभागृहातल्या तीन तासांच्या कार्यक्रमासाठी पुरेसा वाटतो. इथे खेळ रात्रभर, त्याआधी मंचाची जुळवाजुळव आणि सकाळी पुढच्या गावचा रस्ता. त्यामुळे संच घेताना बॅटरी बदलता येते का हे आधी पाहावं. डबीतच बंद केलेली बॅटरी असेल तर मध्यंतराला चार्जर लावायची जागा मंचामागे ठरवून ठेवावी लागेल, आणि ती दवापासून झाकलेली हवी.