नकार देण्याचे बळ

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली, त्या वेळी या निर्णयाच्या समर्थनार्थ जी आश्वासने देण्यात आली त्यांतले सर्वांत महत्त्वाचे असे की, वाढीव तास काम घ्यावयाचे तर कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल. आश्वासन देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. मला विचारावयाचे ते एवढेच, की चाकणच्या किंवा बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीपटावर ज्याचे नाव आहे, दोनशे चाळीस दिवस भरण्याच्या आत ज्याला ‘ब्रेक’ दिला जातो आणि ज्याच्या जागी उद्या सकाळी दुसरा उभा करता येतो, त्या पंचविशीतील तरुणासमोर संमतिपत्र ठेवले असता त्यावर सही न करण्याची मुभा त्याला खरोखर आहे काय? जो नकार देऊ शकत नाही त्याच्या होकाराला काय किंमत द्यावी? कामगार संघटनांची आजच्या काळात गरज उरली आहे काय, हा प्रश्न हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीत वारंवार निघतो, आणि त्याचे उत्तर माझ्या मते या एका सहीपाशी सापडण्याजोगे आहे.

संमतीचा हा युक्तिवाद नवा नाही. १८८४ च्या सप्टेंबरात परळ येथे भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभांतून नारायण मेघाजी लोखंडे यांनी जे निवेदन तयार केले आणि ज्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या, त्यातील मागण्या अगदी साध्या होत्या: आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन. त्या काळीही नोकरी हा मालक आणि मजूर यांच्यातील खुषीचा सौदा मानला जात असे. कोणाही मजुरावर दिवसभर उभे राहून राबण्याची कायद्याने सक्ती नव्हती, आणि ज्याला ते पसंत नसेल त्याने कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी परत जावे, असे म्हणण्यास कोणतीही अडचण नव्हती. लोखंड्यांनी उभी केलेली गिरणी कामगारांची संघटना आजच्या अर्थाने संघटनाही नव्हती; तिला वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती, सभासदांची नोंदवही नव्हती. तरीही १८९० च्या एप्रिलमध्ये तिच्या हाकेला दहा हजार माणसे जमली, दोन स्त्री-कामगारांनी त्या सभेत उभे राहून भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. ज्यांना रविवार हा पंचांगातूनच सुटीचा वार म्हणून आला असे वाटते, आणि त्यांत संगणकापुढे बसून उत्तम वेतन घेणारी आमची मुलेही आली, त्यांनी हा इतिहास एकदा तरी वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काळ बदलला, यंत्रे बदलली, गिरणगावाच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, हे सर्व खरे. परंतु कामाच्या ठिकाणच्या सत्तेचे स्वरूप जेवढे बदलले असे आपण समजतो तेवढे ते बदललेले नाही. जुन्या गिरणीत माणूस कामावर घेणे, त्याला बसवून ठेवणे, त्याच्याकडून दस्तुरी उकळणे हे सर्व जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे, आणि पहाटे गिरणीच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराला आज काम मिळेल की नाही हे त्याच्या मर्जीवर ठरे. १९२९ मध्ये नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने आपल्या अहवालात या लाचखोरीची सविस्तर नोंद केलेली आहे. आज पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर पाठीला पेटी बांधून दुचाकीवर धावणारा तरुण हा त्या बदली कामगाराचाच वारस होय. त्याचा जॉबर भ्रमणध्वनीतील ॲप आहे. कोणती ऑर्डर कोणाला द्यावयाची, कोणाचा दर किती, कोणाचे मानांकन घसरले आणि कोणाचे खाते आज रात्रीपासून बंद, हे सर्व ते ॲप ठरवते. आणि जुन्या जॉबरपुढे निदान उभे राहून दोन शब्द बोलता येत, त्याची कैफियत वरच्या साहेबाकडे नेता येई, ती सोयही येथे उरलेली नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये सत्त्याहत्तर लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती दोन कोटी पस्तीस लाखांवर जाईल. नोंदणी करताना पडद्यावरील दीर्घ करारनाम्याखाली अंगठा टेकवून या सर्वांनी संमती दिलेली असते, हे वेगळे सांगावयास नको.

संमतीचा तिसरा प्रकार अधिक सुसंस्कृत आहे, आणि म्हणून अधिक दुःखद. हिंजवडीतील किंवा ऐरोलीतील संगणक कंपन्यांत माणसे कमी करावयाची वेळ आली म्हणजे फारसे कोणी बडतर्फ होत नाही. मनुष्यबळ विभागाच्या खोलीत एकेकट्याला बोलावून त्याच्याकडून राजीनामा मागून घेतला जातो. कामगारकपात केली तर कायद्याच्या अटी पाळाव्या लागतात, नुकसानभरपाई द्यावी लागते, मोठ्या कारखान्यांना तर शासनाची पूर्वपरवानगी लागते. राजीनाम्याला यांपैकी काहीच लागत नाही, कारण तो माणूस स्वखुषीने गेलेला असतो. त्या खोलीत बसलेल्या अभियंत्याला घराचे हप्ते आठवतात, पुढच्या नोकरीसाठी लागणारा अनुभवाचा दाखला आठवतो, आणि तो सही करतो. आपण कामगार नाही, आपल्याला संघटना शोभत नाही, अशी त्याची आजवरची समजूत असते; त्या दिवशी त्याच्या बाजूला बसणारा एकही माणूस त्या खोलीत नसतो.

संघटनांविषयी मध्यमवर्गाच्या मनात जी अढी आहे तिचे मूळ बहुतांशी १९८२ च्या संपात आहे, आणि तिची दखल घेतल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, आणि लालबाग-परळच्या चाळींतून त्याने जे दारिद्र्य आणले त्याच्या आठवणी अद्याप ताज्या आहेत. संघटनेने गिरण्या बुडवल्या, असा या संपाचा सारांश सांगण्याची पद्धत पडली आहे. पण त्या संपाच्या मुळाशी वेतनाच्या बरोबरीने दुसरे एक गाऱ्हाणे होते, ते सहसा कोणी सांगत नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये संपूर्ण मुंबईच्या कापड उद्योगासाठी एकाच प्रातिनिधिक संघटनेला वाटाघाटींचा अधिकार होता, तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि कामगारांचा विश्वास त्या संघावरून उडाला तरी गुप्त मतदानाने दुसरी संघटना निवडण्याचा मार्ग त्या कायद्यात त्यांना मोकळा नव्हता. आपल्या मनाची संघटना मिळावी ही त्यांची आकांक्षा सनदशीर वाटेने पुरी होऊ शकली असती, तर तो संघर्ष इतक्या विनाशापर्यंत गेला असता काय, हा विचार इतिहासाच्या अभ्यासकांनी करण्यासारखा आहे. एस. टी. कर्मचाऱ्यांच्या २०२१-२२ च्या संपातही हेच दिसले: अठ्ठावीस संघटनांच्या कृती समितीने तडजोड केली, पण शासनात विलीनीकरणाची मागणी घेऊन बसलेल्या कर्मचाऱ्यांनी ती मानली नाही, आणि गावोगावचे आगार कित्येक महिने ओस पडले. संघटना कामगारांपासून दुरावली म्हणजे संप थांबत नाही; तो थांबवू शकणारे कोणी उरत नाही.

संघटनांचे दोष मी लपवू इच्छित नाही, कारण त्यांतला एक फार जुना आणि फार गंभीर आहे. मुंबईच्या गिरण्यांत कापड विणण्याच्या खात्यात, जेथे मजुरी अधिक मिळे, तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागत असल्यामुळे विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई, आणि हे कारण मालकांइतकेच सहकामगारांनाही मान्य होते. १९२८ च्या प्रदीर्घ संपात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न निर्भीडपणे उपस्थित केला. आणि तरी दहा वर्षांनी, औद्योगिक कलहविषयक विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आले तेव्हा, संपाचा हक्क हा माणसाच्या स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव होय, ही भूमिका त्यांनी तेथे मांडली, आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ज्याच्या बांधवांना संघटित कामगारांनी दाराबाहेर ठेवले त्यानेच संघटनेच्या हक्काचे इतके मूलगामी समर्थन करावे, यात मला आजच्या पुढाऱ्यांसाठी मोठा धडा दिसतो. कारण ते दार आजही बंदच आहे, फक्त त्याच्या बाहेर उभा असलेला माणूस कंत्राटी आहे. कायम कामगारांची संघटना तीन-चार वर्षांचा वेतनकरार करते, पेढे वाटते, आणि त्याच यंत्रावर, त्याच पाळीत, निम्म्याहून कमी पगारात उभ्या असलेल्या कंत्राटी मुलाचे नाव त्या करारात कोठेही नसते. अशी संघटना दुबळी होत गेली तर त्याचा दोष केवळ सरकारच्या आणि मालकांच्या माथी मारता येणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून एकोणतीस जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. संपासाठी सर्वच उद्योगांत चौदा दिवसांची पूर्वसूचना, निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली सामूहिक रजा म्हणजे संपच, कामगारकपातीसाठी पूर्वपरवानगीची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर, या तरतुदी संघटनांचे बळ कमी करणाऱ्या आहेत. वाटाघाटींसाठी एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला मान्यता देण्याची तरतूद मात्र मी स्वागतार्ह मानतो, अर्थात पाठिंब्याची तपासणी निर्भय आणि गुप्त राहील तर. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत ॲपवर काम करणाऱ्यांचा उल्लेख प्रथमच आला, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरावेत असेही ठरले. पण त्याच व्याख्येने त्यांना मालक-नोकर संबंधाच्या बाहेर बसवले आहे, म्हणजे विम्याचा लाभ मिळेल, दराची घासाघीस करता येणार नाही.

याला महाराष्ट्राजवळ स्वतःचे उत्तर आहे, आणि ते बाहेरून आणावयास नको. मशीद बंदर, दाणा बंदर येथे सातारा, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेली माणसे पाठीवर आणि डोक्यावर पोती वाहत असत. त्यांचा मालक सकाळी एक व्यापारी, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा, आणि म्हणून त्यांपैकी कोणीच त्यांच्या म्हातारपणाला किंवा मोडलेल्या मणक्याला जबाबदार नसे. आम्ही तुमचे मालक नाही, हे वाक्य त्या व्यापाऱ्यांनी आजच्या ॲप-कंपन्यांच्या कितीतरी आधी म्हटलेले आहे. अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना संघटित केले, आणि त्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने मालक कोण हा वाद घालत बसण्याऐवजी त्रिपक्ष मंडळे स्थापिली, हमाल आणि व्यापारी दोघांचीही त्यांच्याकडे नोंदणी केली, आणि मजुरी व तिच्यावरील लेव्ही व्यापाऱ्याने मंडळातच भरावी अशी व्यवस्था लावली, की तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधोपचार यांची तरतूद व्हावी. औद्योगिक वसाहतींतून माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणारे पुढे निघाले हे सत्य आहे, त्यांचा बंदोबस्त कठोरपणे झाला पाहिजे. परंतु हजारो हमालांच्या मुलांची शिक्षणे आणि घरे या मंडळांमुळे झाली, हेही तितकेच सत्य आहे.

राजस्थानने २०२३ मध्ये ॲप-कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. माथाडी कायदा ज्या राज्याने आधी केला त्याने मागे राहण्याचे कारण नाही. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक येथे अशी मंडळे स्थापावीत, प्रत्येक फेरीमागची रक्कम आणि लेव्ही त्यांच्याकडे जमा व्हावी, आणि त्यांवर शासनाचे व कंपन्यांचे जेवढे प्रतिनिधी असतील तेवढेच, हे काम करणाऱ्यांनी गुप्त मतदानाने निवडलेले प्रतिनिधी असावेत. आणि मंडळाच्या पहिल्याच बैठकीत असा नियम व्हावा की, लेखी कारण दिल्यावाचून आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून कोणाचेही खाते बंद करता येणार नाही.