मजुरीचा दर आणि रोजगाराची वाट

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलची भांडी घडविणारे गाळे पुष्कळ आहेत. मजुरी वाढली की तेथे एक प्रश्न हमखास निघतो : कारखाना खाडीपलीकडे, वसईकडे अथवा पालघरच्या आतील भागात न्यावा काय?

प्रश्न निराधार नाही. किमान वेतन अधिनियम, १९४८ अन्वये महाराष्ट्रात अनेक उद्योगांसाठी परिमंडळे पाडून दर ठरविले गेले आणि शहरी परिमंडळाचा दर ग्रामीणहून अधिक राहिला. तथापि वसई-विरार ही २००९ पासून महानगरपालिका आहे. केवळ खाडी ओलांडल्याने फरक पदरात पडेलच असे नाही.

मजुरी स्वस्त तेथे रोजगार जातो, याचा दाखला म्हणून भिवंडीचे नाव घेतले जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे कापडाचे काम यंत्रमागांकडे अधिकच वळले. परंतु गिरण्यांची जुनी यंत्रे आणि यंत्रमागांची स्पर्धा ही कारणे संपापूर्वीचीच होती. शिवाय गिरणीतली भविष्यनिर्वाह निधीसह कायम नोकरी गेली आणि मागावर बहुधा मीटरवर मोजलेली मजुरी आली. रोजगाराची संख्या मोजताना त्याची प्रतही मोजली पाहिजे.

उलट दाखलाही आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर यांनी दोन्हींकडील उपाहारगृहे तपासली, तेव्हा वाढीमुळे रोजगार घटल्याचे आढळले नाही. या निष्कर्षावर वाद झडले. तरी कार्ड यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तात्पर्य, मजुरीचा दर हा वहीतील एकच रकाना आहे. त्याच्या शेजारी आणखी तीन लिहावेत : नव्या जागी कुशल पॉलिशवाला मिळेपर्यंत बिघडणारा माल, वाढणारे वाहतूक-भाडे आणि चुकलेली मागणी. येथील कारागिरालाही खोलीचे भाडे, शाळेची फी भागवायची असते. ते भागले नाही, तर तोच आधी गाळा सोडतो. बेरीज चारही रकान्यांची करावी. मगच स्थलांतराचा निर्णय घ्यावा.