गोळ्या बंद केल्या म्हणजे जीभ थांबते?

"गोळ्यांनीच याचं तोंड असं झालंय, बंद करा त्या!" स्किझोफ्रेनियाचा जुना रुग्ण घरात असला की हा सल्ला कोणीतरी देतोच. जीभ सारखी वळवळते, रिकामं तोंड चघळल्यासारखं हलतं, बोटं आपोआप वळतात. दोष गोळ्यांवर ढकलून मोकळं व्हायचं.

पण काळाचा हिशेब जुळत नाही. या आजारावरचं पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमझिन, १९५२ साली वापरात आलं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन १९२६ मध्येच वारला, आणि रुग्णांच्या तोंडाच्या-चेहऱ्याच्या अशा हालचाली त्यानं नोंदवून ठेवल्या होत्या. पुरावा आपल्या देशातलाही आहे. चेन्नई परिसरातल्या रुग्णांचा मॅकक्रिडी, थारा आदींनी केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. कधीच औषध न घेतलेल्या २१ वृद्ध रुग्णांपैकी ३८ टक्क्यांत या हालचाली आढळल्या. औषध घेणाऱ्यांत ४१, तर उतारवयातल्या निरोगी माणसांत १५ टक्के. म्हणजे आजाराचा स्वतःचा वाटा आहेच.

एवढ्यावरून डॉक्टरांनी हात झटकू नयेत. एकवीस रुग्ण म्हणजे मूठभर. उलट बाजूचा पुरावा भक्कम आहे: जुन्या पिढीच्या औषधांवर असलेल्या प्रौढांत दरवर्षी सुमारे पाच टक्क्यांना 'टार्डिव्ह डिस्कायनेशिया', म्हणजे औषधांमुळे उद्भवणाऱ्या याच हालचालींचा त्रास, होतो, वृद्धांत त्याहून पुष्कळ अधिक. आणि आपल्याकडे चिठ्ठीवर सवयीनं लिहिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल? हातांच्या थरथरीला ती उपयोगी पडते, या वळवळीला नाही. कधीकधी ती वाढवतेच.

आजार की औषध, हा वाद एरवी मिटायचा नाही. पहिली गोळी देण्याआधीच जीभ, ओठ, हात, पाय, चाल तपासून नोंद ठेवली, तरच पुढे काही सांगता येईल. त्यासाठीची 'एम्स' (AIMS) ही हालचालींची मोजपट्टी १९७६ पासून आहे, तपासणीला दहाएक मिनिटं पुरतात. एवढी दहा मिनिटंही ओपीडीत न मिळणं ही खरी लाज.

गोळ्या एकाएकी थांबवल्या तर हालचाली बऱ्याचदा आधी वाढतात, आणि मूळ आजार उलटतो तो वेगळाच. डोस हळूहळू उतरवणं, क्लोझापिनसारखं औषध देणं, टेट्राबेनझिन देणं, असे मार्ग आहेत. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, शेजाऱ्यांनी नव्हे. नातेवाइकांनी पुढच्या भेटीत गोळ्या बंद करा असं म्हणू नये. "डॉक्टर, याची जीभ तपासून कागदावर लिहा," एवढा हट्ट मात्र जरूर धरावा.