गेम डेव्हलपमेंटचे शिक्षण: विद्यापीठ दारात, पण प्रवेश कुणाला?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग व कॉमिक्स क्षेत्राच्या धोरणाला मंजुरी दिली. तरतूद ३,२६८ कोटींची. त्याआधी जुलैत मुंबईत पेडर रोडला आयआयसीटी ही राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथे गेमिंगही शिकवले जाते.

कर्जत-खोपोलीहून लोकल थेट मुंबईला जाते. कर्जत तालुक्यात तर खासगी विद्यापीठेही उभी आहेत. म्हणजे अंतराची अडचण नाही, अडचण फीची आहे.

बाबासाहेबांच्या पाठपुराव्यामुळे १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना ती अडीच लाखांच्या उत्पन्न मर्यादेत मिळते, पण मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच. खासगी क्लासच्या सर्टिफिकेटला नाही. खासगी संस्थांत आरक्षणाचा कायदा करण्याची मुभा संविधानाचे कलम १५(५) देते. संसदेने तो अजून केलेला नाही. सरकारी पैसा नव्या क्षेत्रात जात असेल, तर शिष्यवृत्ती आणि आरक्षणही तिथे गेलेच पाहिजे, ही आपली मागणी हवी.

तोवर प्रवेशाआधी तीन प्रश्न विचारा: ही पदवी आहे की नुसते सर्टिफिकेट? मान्यता कुणाची? महाडीबीटीवर हा अभ्यासक्रम दिसतो का? उत्तर लेखी घ्या, मगच पैसे भरा.

गोडो आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. विहारातल्या अभ्यासिकेत एक संगणक असला तरी सुरुवात होते. पुराणकथांवर गेम बनतात; आपल्या कोंडाणे लेण्यांवरचा गेम आपल्याच मुलांनी का बनवू नये?

जय भीम.