‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ : म्हणजे नेमकं काय बिघडलेलं असतं?

आर्वी तालुक्यातला शेतकरी सोयाबीन-कपाशीचा विमा भरायला किंवा सातबारा काढायला सेतू केंद्रावर गेला की कधी ना कधी हे वाक्य त्याच्या वाट्याला येतंच. गावाहून येण्या-जाण्याचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडते. मुदतीचा शेवटचा दिवस असेल, तर विमाही हुकू शकतो.

पण ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे ‘ताप आलाय’ म्हणण्यासारखं आहे. ताप कशानं आला, हे त्यातून कळत नाही. ते समजून घ्यायचं तर आधी सातबाऱ्याकडेच पाहू.

सातबारा हाच एक डेटाबेस

गाव नमुना ७ मध्ये जमिनीची मालकी असते, नमुना १२ मध्ये पिकांची नोंद. दोन्ही तक्ते गट क्रमांकानं जोडलेले असतात. एका खातेदाराची सगळी जमीन ८-अ मध्ये दिसते, तर मालकीतले बदल नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत.

माहितीचे वेगवेगळे तक्ते ठेवायचे आणि एका समान क्रमांकानं ते जोडायचे, याला ‘रिलेशनल डेटाबेस’ म्हणतात. संगणकासाठी ही कल्पना आयबीएममधले एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. बँक, रेल्वे आरक्षण, सरकारी पोर्टल अशा बहुतेक ठिकाणी आज हीच पद्धत आहे.

मग अडतं कुठे?

१. दारात गर्दी : एका वेळी किती जोडण्या घ्यायच्या, याला मर्यादा असते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती मुळात १००, तर मायएसक्यूएलमध्ये १५१ असते. ती वाढवता येते, पण मेमरी आणि प्रोसेसर तेवढे लागतात. अशा वेळी सर्व्हर चालूच असतो, फक्त तुम्हाला आत घेत नाही.

२. अनुक्रमणिका नाही : लाखो नोंदींत तुमचा गट क्रमांक शोधायचा आणि ‘इंडेक्स’ नसेल, तर संगणक पहिल्या ओळीपासून वाचत बसतो. इथे नवं मशीन घेऊन फार फरक पडत नाही. योग्य इंडेक्स केला, तर मिनिटांचं काम क्षणात होतं.

३. कुलूप : जमीन विकली, तर जुनं नाव कमी होणं आणि नवं चढणं ही दोन्ही कामं एकत्रच व्हायला हवीत. अर्धवट झालं तर गोंधळ. म्हणून काम संपेपर्यंत ती नोंद ‘लॉक’ होते. एखादं काम मध्येच रेंगाळलं, की त्याच नोंदीवर काम असलेले सगळे मागे खोळंबतात.

४. डिस्क भरली : जागा संपली की नव्या नोंदी थांबतात. हे आधीच दिसत असतं, पण त्यावर कुणाचं तरी लक्ष हवं.

घाईतली दुरुस्ती महागात पडते

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या जगप्रसिद्ध कंपनीत असाच बिघाड दुरुस्त करताना एका इंजिनिअरनं चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा उडवला. सुमारे ३०० जीबी माहिती गेली. नेहमीचा बॅकअप बंद पडलेला होता आणि त्याच्या इशाऱ्याचे ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. सुदैवानं सहा तास आधीची एक प्रत सापडली. मधल्या सहा तासांतली माहिती मात्र कायमची गेली. कंपनीनं काय झालं ते लपवलं नाही, सगळं जाहीर केलं.

यातून दोन गोष्टी कळतात. बॅकअप घेणं पुरेसं नाही, तो परत उभा करून तपासावा लागतो. आणि कारण सांगितलं, तर लोक समजून घेतात.

शेवटच्या दिवसाचं काय?

२०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. दीड कोटींहून जास्त अर्ज आले आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. शेवटच्या दिवसांत गर्दी होणार, हे दरवर्षी माहीत असतं. तेवढ्या गर्दीची चाचणी आधीच घेता येते. पोर्टल कधीपासून कधीपर्यंत बंद होतं आणि का, हे जाहीर करता येतं. जितके तास बंद, तितकी मुदत आपोआप वाढवता येते. नाहीतर यंत्रणेच्या बिघाडाचा भुर्दंड शेतकऱ्यानं भरायचा, असाच त्याचा अर्थ होतो.

तुम्ही काय कराल?

• ‘सबमिट’ केल्यावर पान अडकलं, तर लगेच पुन्हा पैसे भरू नका. पैसे भरण्याची यंत्रणा वेगळी असते, त्यामुळे पैसे जाऊन अर्ज न पोहोचणं शक्य आहे. आधी अर्जाची स्थिती तपासा.
• अर्ज क्रमांक आणि पावती जपून ठेवा.
• एरर आली तर तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. तक्रार करताना तोच पुरावा.
• जमलं तर सकाळी लवकर किंवा रात्री प्रयत्न करा.

आणि पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ ऐकलं, तर एवढं जरूर विचारा : कधीपासून, कशामुळे आणि मुदत वाढणार का?